डॉक्टरचा कान

जुनी मोटारसायकल घ्यायची असली की आमच्या भागात लोक आधी टाकीचा रंग बघत नाहीत, आधी डॉक्टरला बोलावतात. हा डॉक्टर म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे. गाडीच्या पोटात काय दुखतंय ते न उघडता सांगायचा, म्हणून लोकांनीच नाव ठेवलं. नाव ठेवलं आणि ते त्याच्या डोक्यात गेलं. पुढे पुढे तर दाराशी येऊन कुणी नुसतं 'भाऊ' अशी हाक मारली तर तो खुर्चीतून उठायचाही नाही.

मी त्याच्या पाठची. बस डेपोच्या मागच्या गल्लीत माझं सीट कव्हरचं दुकान आहे. फाटकी सीट आणून द्या, जुनं रेक्झिन सोलून काढते, फोम दाबून बघते, नवीन कव्हर शिवते आणि पत्र्यावर ताणून टाचून देते. दिवसभर तोंडात पिना धरून बसते म्हणून माझं बोलणंही टोचतं, असं माझा नवरा म्हणायचा. आता तो नाही, पण बोलणं काही मऊ झालेलं नाही.

तिसरी धाकटी. माझ्यात आणि तिच्यात इतकं अंतर की तिची वेणी मी घातलेली आहे. आईवडील गेल्यावर ती दादाकडे राहिली. वहिनी एकदा माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि तिला नावं ठेवावीत असं आम्हा बहिणींना कधी वाटलं नाही. तेव्हापासून दादाचा स्वयंपाक, दादाचे कपडे, दादाची हत्यारांची पिशवी, सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं. दादा जुन्या गाड्यांच्या बाजारात निघाला की ती पिशवी घेऊन मागे. लोकांना वाटायचं, काय भाऊ-बहिणीचं प्रेम आहे.

दादाची तपासायची रीत साऱ्या बाजाराला पाठ होती. जवळ गेला की पहिला तळहात इंजिनवर. कोमट जरी लागलं तरी तिथूनच परत फिरायचा. विकणारा म्हणायचा, आत्ताच जरा दुकानापर्यंत जाऊन आलो. दादा म्हणायचा, थंड असताना सुरू होत नाही हे लपवायला इतकं पेट्रोल कशाला जाळलंस, मला सरळ सांगायचं. मग पाय ठेवायच्या दांड्यांचं रबर बघायचा. मीटर म्हणतोय गाडी थोडीच पळाली आणि रबर पार गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. मग सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी चोळायची, कोरडी आहे की तेलकट. पुढचा ब्रेक दाबून हॅण्डल हलवायचं. आणि सगळ्यात शेवटी त्याचा खेळ. हो, खेळच. गाडीकडे पाठ करून दहा पावलांवर उभा राहायचा, डोळे मिटायचा, हात वर करायचा आणि म्हणायचा, 'सुरू कर.' धाकटी शेजारी, त्याच्या कोपराला धरून. गर्दी गप्प. थोडं ऐकलं की तिथूनच, मागे न बघता, निकाल द्यायचा. टॅपेट ढिले आहेत. क्लचचं काम निघेल. नाहीतर नुसतं, 'घ्या.' त्याने 'घ्या' म्हटलं की विकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा.

आणि 'नको' म्हटलं की ती गाडी बाजारातून उठलीच म्हणून समजा. त्याला नुसतं 'नको' म्हणून भागायचं नाही, ही त्याची खोड. एक बाई नवऱ्यामागे त्याची गाडी विकायला घेऊन आली होती. भर बाजारात तिला म्हणाला, बाई, तुमच्या नवऱ्याने गाडीला कधी तेल दाखवलं नाही, तुम्हाला काय सुख दाखवलं असणार. लोक खो खो हसले. त्या बाईने हॅण्डल धरून गाडी तशीच ढकलत बाहेर नेली. मी रात्री दादाला फैलावर घेतलं, तर म्हणे, मी खोटं बोललो का ते सांग.

खोटं तो बोलत नव्हता, एवढं मात्र मी मानत होते. माणूस म्हणून कसाही असो, गाडीच्या बाबतीत शब्दाला पक्का. मी चार लोकांत हेच सांगत फिरायचे.

मग धाकटीला नोकरी लागली. लागली म्हणजे लागतच आली होती. गावातल्या मोठ्या लॅबला आसपासच्या दवाखान्यांमधून रक्ताचे नमुने गोळा करून आणणारं माणूस हवं होतं. पगार बरा, राहायला लॅबच्या वर खोली. अट एकच, मोटारसायकल स्वतःची हवी, कारण मागच्या कॅरियरवर थंड पेटी बसवायची आणि टेकडीवरच्या दवाखान्यांचा रस्ता खराब. धाकटीला गाडी चालवता येते, पैसे साठवलेले होते. तिने मला येऊन सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तोवर गाडी हवी, बस.

डॉक्टरच्या बहिणीला गाडी मिळायला कितीसा वेळ लागणार, असं मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

पहिली गाडी त्याने टायमिंग चेनवर घालवली. म्हणाला, चेन वाजतेय, वाटेत दगा देईल. दुसरीला म्हणाला, पिस्टन गेलाय. तिसरी मी स्वतः बघितली होती, एका मास्तरांची, पुसून पुसून ठेवलेली. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, ऐकलं, आणि म्हणाला, इंजिन एकदा उघडलेलं आहे, नको. मास्तरांचा चेहरा बघवेना. बिचारे परत परत सांगत होते की उघडलेलं नाही हो. दादा म्हणाला, मास्तर, मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवता ना. धाकटी त्याच्या कोपराला धरून खाली बघत होती. मला वाटलं, भाऊ बहिणीसाठी डोळ्यांत तेल घालून बघतोय. नाकावर माशी बसू देत नाही, पण मायेपोटी. काय मूर्ख असते बाई मी कधी कधी.

मला कळलं ते बेकरीवाल्यामुळे. एक दिवस तो दुकानात गाडी घेऊन आला, म्हणाला, सीट तेवढी नवीन करून द्या, बाकी गाडी अगदी ऐटीत आहे, डॉक्टरांनी स्वतः पास केलीय. मी सीट काढायला गेले आणि हात थांबला. टाकीखाली पोपटाचं छोटंसं स्टिकर होतं, मास्तरांच्या नातवाने चिकटवलेलं. तीच गाडी. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? बेकरीवाला म्हणाला, पाठ फिरवून ऐकलं आणि म्हणाले, लोण्यासारखी चालतेय, घ्या. मी त्याला बसवून ठेवलं आणि तशीच उठून मास्तरांच्या घरी गेले. विचारलं, मधल्या काळात काही काम केलंत का गाडीचं? ते म्हणाले, काम काय करणार, मला तर लाज वाटून मी तिच्यावरची धूळसुद्धा झटकली नव्हती, बेकरीवाला भला माणूस, तोच म्हणाला पुन्हा एकदा दाखवून बघू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेकरीवाल्याची सीट टाचताना दोन पिना वाकड्या गेल्या, तशा माझ्या हातून कधी जात नाहीत. संध्याकाळी धाकटीला दुकानात बोलावून घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे?

ती फोमच्या तुकड्यांवर बसली. मग अशा आवाजात सांगायला लागली की जणू भाजी काय आणली ते सांगतेय. दादाला ऐकू येत नाही. आजचं नाही, बरेच महिने झाले. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून कळतं, पाठीमागे ढोल वाजवले तरी कळत नाही. बाजारात जे काही ऐकायचं ते ती ऐकते. गाडी सुरू झाली की त्याच्या कोपराला अंगठा दाबायचा. गाडी चांगली असेल तर तळवा सपाट ठेवायचा. खराब असेल तर नख टोचायचं, आणि कसं टोचलं त्यावरून त्याला कळायचं काय बिघडलंय. इतकी वर्षं बरोबर हिंडून तिचा कान तयार झाला होता, आणि त्याचा गेला होता.

मी म्हणाले, मग मास्तरांच्या गाडीला तू काय केलंस? ती म्हणाली, तळवा सपाट ठेवला होता. तिन्ही गाड्यांना तळवाच ठेवला होता, ताई.

मग तोंड उघडायचं होतंस, मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, काय सांगू लोकांना? डॉक्टर खोटं बोलतोय म्हणून? मग म्हणतील, तुला कसं कळलं. एक धागा ओढला की सगळंच उसवेल. तपासणीचे पैसे बंद झाले तर तो जगेल कशावर? आणि त्याने नको म्हटलेली गाडी मीच घेतली, तर त्याच्या घरातलं माणूसच त्याचा शब्द मानत नाही असं होईल. तिचं हे सगळं आपलं त्याच्यासाठी. त्याने तिच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला होता, आणि ही त्याच्या अब्रूला ठिगळं लावत बसली होती. मला तिचा इतका राग आला की मी तिला पाणीही विचारलं नाही.

तरी माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आला, माझ्याकडे पाठ करून बाकावर चहा पीत बसला. मी सीटचा लोखंडी पत्रा उचलला आणि त्याच्या मागे फरशीवर सोडून दिला. समोरचा पंक्चरवाला धावत बाहेर आला, काय पडलं म्हणून. दादाने बशी तोंडाला लावली, फुंकर मारली आणि एक घोट घेतला.

तेव्हा एकदम सगळं उलगडलं. फोनवर बोलत नाही, धाकटीला देतो. आम्ही म्हणायचो शिष्टपणा. हाक मारली तर वळत नाही. आम्ही म्हणायचो गर्व. पत्रा उचलून जागेवर ठेवताना मला जरा गलबलून आलं, नाही असं नाही. थोरला भाऊ आहे. पण ते गलबलणं चहा संपेपर्यंतही टिकलं नाही.

मी त्याच्या समोर स्टूल ओढून बसले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, तुला ऐकू येत नाही, मला माहीत आहे. त्याने कपबशी खाली ठेवली. कबूल करायला वेळ लावला नाही, तेवढा एक गुण. मी म्हणाले, कानात यंत्र घाल, हल्ली चांगली मिळतात. तो म्हणाला, कानात यंत्र घातलेल्या डॉक्टरकडे कोण गाडी दाखवायला येईल? मी म्हणाले, मग हे सोड, माझ्याकडे ये, पिना उपटायला माणूस हवाच आहे मला, दोन वेळचं जेवण, भावासारखा राहा. त्याने माझ्या दुकानाकडे असं बघितलं की मला माझंच दुकान घाण वाटायला लागलं. म्हणाला, बायकांसारखा सीटा सोलत बसण्यापेक्षा मेलेलं बरं.

"आणि धाकटीचं काय?" मी विचारलं.

"तिचं काय?" तो म्हणाला. "ती माझा कान आहे. आपला कान कुणी उठून नोकरीला जाऊ देतं का?"

हे सांगताना त्याचा चेहरा इतका साधा होता की हा माणूस चेष्टा करत नाही हे माझ्या ध्यानात आलं. मी म्हणाले, तिलाही जगायचंय. तो म्हणाला, जगतेच आहे की, मी काय उपाशी ठेवतो? आणि मला दम दिला, बाहेर एक शब्द जरी काढलास तर धाकटी माझ्या घरात आहे हे लक्षात ठेव. मी विषय तिथेच सोडला. त्याच्या रागाला मी भीत नाही, पण धाकटी त्याच्याकडे राहते, आणि रात्री तो ताट कसं भिरकावतो ते मी बघितलेलं आहे.

त्यातच लॅबवाले साहेब माझ्याकडे आले. त्यांच्या गाडीची सीट उसवली होती. योगायोग बघा, दादा बाकावर आणि धाकटी शेजारी उभी. साहेबांनी तिला ओळखलं, हसून म्हणाले, सोमवारी येताय ना, गाडी मिळाली की नाही? मग दादाकडे वळून म्हणाले, डॉक्टर, साऱ्या गावाला गाड्या बघून देता आणि घरच्या बहिणीला एक मिळत नाही होय?

दादाने त्यांचे ओठ वाचले. पाय लांब केले. बाजारात निकाल देताना जो आवाज काढतो तोच काढला.

"साहेब, गाडीचं राहू द्या. जे माणूस घेताय ते तपासून घेतलंत का? बाहेरून पॉलिश बरं आहे. आतून भरवसा नाही. चालता चालता बंद पडते. चक्कर येते हिला. माझी सख्खी बहीण आहे, पण विचारलंत म्हणून सांगतो, मी असतो तर घेतलं नसतं."

धाकटीला चक्कर एकदाच आली होती, अंगात ताप असताना, त्याच्यासाठी पोळ्या लाटत होती तेव्हा. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांचा चेहरा आधीच बदलला होता. धाकटीकडे त्यांनी असं निरखून बघितलं की मला बाजारातल्या गाड्या आठवल्या. रक्ताच्या बाटल्या आहेत हो, म्हणाले, जबाबदारीचं काम आहे. ठीक आहे, सोमवारी सकाळी गाडी घेऊन उभ्या राहिलात तर बघू, नाहीतर दुसरा एक जण थांबलेलाच आहे. धाकटीने शिवून झालेली सीट उचलून साहेबांच्या गाडीवर नीट बसवून दिली, कुलूप लावलं, किल्ली हातात दिली. ते गेल्यावर दादाला म्हणाली, चल, जेवण गार होईल. मला वाटलं, हिच्यात काही उरलेलंच नाही, सगळं त्याने खाऊन टाकलं.

सोमवारच्या आदल्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. डेपोजवळच्या मैदानात गाड्या ओळीने लागतात, लोक टायरला लाथा मारत हिंडतात. मीही दुकान बंद ठेवून गेले. एक निवृत्त पोस्टमन आपली गाडी घेऊन आले होते. त्यांना सारं गाव ओळखतं आणि त्यांच्या गाडीलाही. गुडघे दुखतात म्हणून विकत होते. गाडीपाशी उभे होते ते लेकीला सासरी पाठवायला उभं राहावं तसे. धाकटीने त्यांच्याशी काहीतरी बोलून घेतलं, मग दादाला घेऊन आली. म्हणाली, ही शेवटची, दादा. ही बघ. तो म्हणाला, बघतो की, माझी काही ना आहे का.

गर्दी जमली. डॉक्टर बहिणीची गाडी तपासतोय म्हटल्यावर जमणारच. मास्तर होते, बेकरीवाला होता, याआधी ज्यांच्या गाड्या त्याने लोळवल्या असे किती तरी जण होते. दादाने तळहात ठेवला, इंजिन गार. रबर झिजलेलं, मीटरला साजेसं. सायलेन्सरमध्ये बोट घातलं, काजळी कोरडी. हॅण्डल हलवलं, कुठे खट नाही की खुट नाही. पोस्टमनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. त्या बापड्याला काय माहीत.

मग दादा दहा पावलं गेला, पाठ केली, डोळे मिटले. धाकटी त्याच्या शेजारी, हात कोपरावर. त्याने हात वर केला. "सुरू करा."

पोस्टमनने किकवर पाय ठेवला. आणि धाकटीने मान मागे वळवून, मोकळा हात उचलून त्यांना थांबवलं. ते गोंधळले, पाय तसाच किकवर. मी तिच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. तिने दादाच्या कोपरावर अंगठा दाबला. मग तळवा सपाट ठेवला, अगदी सपाट, जपून, ताप बघावा तसा.

गाडी बंद होती. मैदानाच्या त्या कोपऱ्यात इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या वाजल्या त्याही मला ऐकू आल्या. आणि दादा ऐकत होता. मान किंचित तिरपी, कपाळावर आठी, अगदी रोजच्यासारखा. मनात म्हणाले, दादा, 'घ्या' म्हण. एवढं एकदा 'घ्या' म्हण, मी हसून काहीतरी सावरून घेईन, चेष्टा चालली होती म्हणेन.

"टायमिंग चेन," दादा म्हणाला. "ऐकताय ना? कशी किरकिरतेय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि थांबलं. पोस्टमन आपल्या पायाकडे बघायला लागले.

"दादा," धाकटी त्याच्या शेजारी उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "गाडी सुरूच केलेली नाही."

"टॅपेटही ढिले आहेत," दादा म्हणाला. "पोस्टमनसाहेब, पत्रं वेळेवर टाकलीत, पण गाडीत तेल वेळेवर टाकलं नाहीत."

"दादा, गाडी बंद आहे."

"इंजिन उघडावं लागेल. मी माझ्या बहिणीला अशी गाडी घेऊ देणार नाही. नको."

आधी मास्तर हसले. मास्तर, जे आयुष्यात कुणाला टाकून बोलले नसतील. मग सगळंच मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. एकाने दादाच्या मागे जाऊन डोक्याजवळ टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने त्याच्या कानाशी शिवी दिली, आईवरून. तो डोळे मिटून तसाच उभा, निकाल दिल्यानंतर लोक गप्प होतात ना, त्या गप्पपणाची वाट बघत. टाळ्या वाजवणाऱ्याच्या मी थोबाडीत द्यायला हवी होती. माझा हात उठला नाही.

धाकटीने त्याच्या कोपरावरचा हात काढला. तेव्हा त्याने डोळे उघडले, वळला. त्याला दिसले ते दात, उघडी तोंडं आणि पोस्टमनचा किकवरचा पाय. त्याच क्षणी पोस्टमनने किक मारली, आणि गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. सायलेन्सरमधून पांढुरका धूर निघाला, गार इंजिन नुकतंच सुरू झालं की निघतो तसा, पाण्याच्या वाफेसारखा, आणि लगेच निवळला. दादाने तो धूर बघितला. धूर बघितला की त्याला गाडीचं सगळं कळतं, ते मात्र खरं. त्याचा चेहरा ओल्या कणकेसारखा झाला.

त्याने धाकटीकडे बघितलं. ती पोस्टमनच्या हातात पैसे देत होती. पिशवी तिने जमिनीवर ठेवली होती, त्याच्या हत्यारांची. गाडीवर बसली, एकदा रेस करून ऐकलं, स्वतःच्या कानाने, आणि मान हलवली. दादा तिच्या समोर जाऊन उभा राहिला, काहीतरी म्हणाला, ते हसण्यात मला ऐकू आलं नाही. तिला आलं असेल. तिने त्याला हाताने जरा बाजूला केलं, रस्त्यात उभ्या असलेल्या जनावराला करतात तसं, शांतपणे, आणि गर्दीतून गाडी काढली. मागे वळून तिने माझ्याकडे बघितलं नाही की त्याच्याकडे नाही.

लोक पांगायला लागले. जाता जाता त्याच्या समोर येऊन नुसतेच ओठ हलवत होते, आवाज न काढता, आणि तो बिचारा मान डोलावत होता. शेवटी तो माझ्याकडे आला. माझा चेहरा वाचायला लागला.

"काय झालं? कशाला हसत होते?"

त्याला कळलेलं होतं. तरी त्याला ते कुणाच्या तरी तोंडून हवं होतं, आणि धाकटी तर गेली होती. मी सांगू शकले असते, काही नाही, चल घरी. वहिनी असती तर तिने तसंच सांगितलं असतं. मला ती बाई आठवली, गाडी ढकलत नेणारी.

"गाडी बंद होती, दादा," मी म्हणाले.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "परत सांग."

मी परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवून. गाडी. बंद. होती. मला बरं वाटलं. नंतर रात्री नाही वाटलं, पण तेव्हा वाटलं.

मैदान रिकामं झालं. त्याची पिशवी धुळीत पडलेली होती, मी उचलली. भलतीच जड होती. इतकी वर्षं धाकटी ती कशी वागवत होती कोण जाणे. दादा चालायला लागला आणि सवयीने त्याने कोपर माझ्या बाजूला पुढे केलं. मी त्यात पिशवी अडकवली आणि पुढे झाले. म्हणाले, उद्या सकाळी लवकर ये, बेकरीवाल्याच्या मेव्हण्याची सीट सोलायची आहे. मी त्याच्याकडे पाठ करूनच बोलले होते.